दाखल्यांची अमानत आणि रॅकमधला सर्व्हर

बारावीचा निकाल लागला की आपल्या अनेक घरांत कागदांची शोधाशोध सुरू होते. मोमीन, बागवान, तांबोळी, पिंजारी अशा इतर मागासवर्गात मोडणाऱ्या कुटुंबांतील मुलांना प्रवेशासाठी जातीचा दाखला आणि त्याची पडताळणी लागते. त्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागितला जातो. कोणाकडे गाव नमुना १४ ची नक्कल निघते, कोणाकडे एखादे जुने खरेदीखत. पण पुष्कळांच्या हाती एकच दुवा असतो : आजोबा किंवा पणजोबा ज्या शाळेत दोन-चार इयत्ता शिकले, त्या शाळेच्या जनरल रजिस्टरमधील एक ओळ. नाव, जन्मतारीख, जात, शाळा सोडल्याची तारीख. त्या एका ओळीवर नातवाचे किंवा नातीचे अख्खे वर्ष अवलंबून असते.

आमच्या कृष्णाकाठच्या गावातील शाळेत अशी रजिस्टरे लाकडी कपाटात होती. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पाणी तळमजल्यावर शिरले. वरच्या कप्प्यातील रजिस्टरे वाचली, खालची भिजली. पाने सुकवताना शाई पसरली आणि काही नावे कायमची गेली. त्यानंतर आम्ही काही माजी विद्यार्थ्यांनी रजिस्टरांचे स्कॅनिंग हाती घेतले. पुढे गावातील आणखी एक शाळा, दोन जमातींची निकाह रजिस्टरे आणि एक वाचनालयही सोबत आले. स्कॅन झालेला हा सारा साठा ठेवायचा कुठे, या प्रश्नातून शाळेच्या पहिल्या मजल्यावर एक रॅक आणि त्यात साठवणुकीचा सर्व्हर उभा राहिला. ते काम कसे झाले, ते आम्ही येथे सविस्तर मांडत आहोत. अनेक गावांत असे स्कॅनिंग होते, पण साठवण्याचा विचार मागे पडतो.

पेनड्राइव्ह का पुरत नाही

सुरुवातीला बैठकीत सूचना आली, "एका हार्डडिस्कवर भरा आणि हेडमास्तरांच्या कपाटात ठेवा." पण हार्डडिस्क हे फिरते यंत्र आहे. ती चार वर्षांत बंद पडेल की दहा वर्षांत, हे आधी सांगता येत नाही. पेनड्राइव्ह हरवतो, फॉरमॅट होतो, कोणाच्या तरी खिशातून घरी जातो. शिवाय काम करणाऱ्यांकडे एकाच फाइलच्या तीन-तीन प्रती तयार होतात आणि शेवटची दुरुस्ती कोणत्या प्रतीत आहे, तेच कळत नाही.

दुसरी सूचना होती, इंटरनेटवरच्या मोफत जागेत ठेवण्याची. तिथे जागा अपुरी पडली असती, पण खरा आक्षेप वेगळा होता. रजिस्टरात हजारो माणसांची नावे, जाती आणि जन्मतारखा आहेत. निकाह रजिस्टरात मेहर आणि साक्षीदार आहेत. हा तपशील लोकांनी शाळेच्या आणि जमातीच्या हवाली केलेली अमानत आहे. एका कार्यकर्त्याच्या खाजगी खात्यावर तो ठेवणे आम्हाला पटले नाही.

आधी हिशेब

यंत्र घेण्याआधी जागेचा हिशेब केला. जनरल रजिस्टरचे उघडे पान साधारण ए-३ आकाराचे भरते. ते ३०० डीपीआयने रंगीत स्कॅन केले, तर सुमारे ३,५०८ गुणिले ४,९६१ इतके बिंदू होतात. प्रत्येक बिंदूला तीन बाइट धरले, तर एका पानाला ५२ मेगाबाइट लागतात. रंग ठेवणे गरजेचे होते, कारण निळी शाई, लाल शेरा आणि नंतरची खाडाखोड रंगामुळेच वेगळी ओळखता येते. आमच्या शाळेची पाने भरली सुमारे ३८ हजार, म्हणजे जवळपास २ टेराबाइट. पाच संस्थांचे मिळून १० टेराबाइट धरले.

एकाच शाळेचा प्रश्न असता, तर दोन किंवा चार डिस्कची टेबलावरची छोटी पेटीही चालली असती. पाच संस्था एकत्र आल्या म्हणून रॅकचा सर्व्हर परवडला. मोठ्या कंपन्या काही वर्षे वापरून असे सर्व्हर काढून टाकतात आणि ते दुरुस्त करून विकणारे व्यापारी असतात. आम्ही तसाच घेतला. पुढच्या बाजूला १२ डिस्कच्या जागा, विजेचे दोन स्वतंत्र पुरवठे आणि स्वतःच्या चुका ओळखून दुरुस्त करणारी ईसीसी मेमरी, हे त्याचे मुख्य गुण. यंत्र जुने घेतले, पण डिस्क सगळ्या नव्या घेतल्या. खर्चाचा मोठा भाग डिस्कवरच गेला आणि तो तसाच जायला हवा. डिस्क घेताना त्या सीएमआर पद्धतीच्या आहेत ना, हे विचारून घेतले. एसएमआर पद्धतीच्या डिस्क स्वस्त असतात, पण अशा कामात अडखळतात.

रॅक आणि खोली

रॅकचे माप जगभर एकच आहे. समोरची पट्टी १९ इंच रुंद, आणि उंची 'यू' या एककात मोजतात. १ यू म्हणजे पावणेदोन इंच, ४४.४५ मिलिमीटर. आमचा सर्व्हर २ यू उंचीचा, म्हणजे साडेतीन इंच जाड. उंची सगळे विचारतात. खोली किती, हे मात्र आवर्जून मोजावे लागते. सीसीटीव्हीसाठी भिंतीवर लावतात तो छोटा रॅक अर्धा-पाऊण मीटरच खोल असतो. सर्व्हरच मुळी पाऊण मीटरच्या आसपास लांब असतो आणि त्यामागे वायरींना जागा लागते. म्हणून एक मीटर खोलीचा, जमिनीवर उभा राहणारा रॅक घेतला.

जागा निवडताना पुराची रेषा पहिली पाहिली. तळमजला बाद झाला. वाचनालयाची खोलीही बाद, कारण सर्व्हरच्या पंख्यांचा आवाज दिवसभर चालू राहतो, तिथे मुलांना वाचता आले नसते. शेवटी पहिल्या मजल्यावर शिक्षकांच्या खोलीमागची अडगळीची खोली ठरली. तिच्या छताची गळती काढली, खिडकीला जाळी मारली, पाण्याची टाकी वर नाही याची खात्री केली. सर्व्हर समोरून हवा ओढतो आणि मागून गरम हवा सोडतो. म्हणून रॅक भिंतीला चिकटवला नाही, मागे माणूस उभा राहील इतकी जागा सोडली. रॅकमधील रिकाम्या जागांवर समोरून पत्र्याच्या पट्ट्या लावल्या, नाहीतर मागची गरम हवा फिरून पुन्हा पुढे येते.

वीज

या कामात आमचा जास्त वेळ यंत्रापेक्षा विजेवर गेला. जुन्या इमारतीत तीन पिनांची सॉकेट होती, पण तिसऱ्या पिनेला अर्थिंगच पोचत नव्हते. वायरमनने मीटर लावून न्यूट्रल आणि अर्थमधील व्होल्टेज दाखवले, तेव्हा सगळ्यांना पटले. नवा अर्थिंगचा खड्डा घेतला आणि रॅकची लोखंडी चौकटही अर्थला जोडली. सर्व्हरच्या दोन वीजपुरवठ्यांपैकी एक यूपीएसवर आणि दुसरा वेगळ्या एमसीबीच्या लाइनवर दिला. एक बंद पडला तरी दुसऱ्यावर यंत्र चालते.

यूपीएस घेताना तो यूएसबीने सर्व्हरशी बोलू शकतो का, हे पाहिले. वीज जाऊन बॅटरी उतरू लागली की तो सर्व्हरला निरोप देतो आणि सर्व्हर फाइली मिटवून स्वतःहून व्यवस्थित बंद होतो. ज्या गावात पावसाळ्यात तासन् तास वीज जाते, तिथे ही सोय नसेल तर बाकीच्या खर्चाला अर्थ उरत नाही.

बसवण्याचा दिवस

डिस्क भरलेला असा सर्व्हर २५-३० किलोपर्यंत जातो. म्हणून आधी डिस्क काढून ठेवल्या आणि प्रत्येकीच्या ट्रेवर तिचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी लावली. रॅकच्या चौकोनी भोकांत सरकत्या पट्ट्या बसवल्या. पुढचे आणि मागचे भोक एकाच उंचीवर आहे ना, हे दोघांनी दोन बाजूंनी मोजून पाहिले, कारण एका भोकाचा फरक पडला की यंत्र अडकते. यूपीएस सगळ्यात खाली ठेवला, त्यावर सर्व्हर. जड वस्तू खाली हा रॅकचा पहिला नियम, नाहीतर सर्व्हर बाहेर ओढताना अख्खा रॅक पुढे झुकतो. सर्व्हर उचलायला दोघे आणि पट्टी धरायला तिसरा, असे तिघे होते.

पहिल्यांदा बटण दाबल्यावर सगळे पंखे पूर्ण वेगाने फिरतात. आवाज ऐकून शाळेचे शिपाई चाचा धावत वर आले. मिनिटभरात पंखे शांत होतात, हे ठाऊक असावे म्हणून लिहितो.

यानंतर घाई केली नाही. एक रात्र मेमरीची तपासणी चालवली, पुढे प्रत्येक डिस्कची लांब चाचणी. नव्या डिस्कमधला दोष बहुधा सुरुवातीच्या दिवसांतच कळतो आणि वॉरंटीत बदलून मिळतो. अशा सर्व्हरला दुरून हाताळण्यासाठी वेगळे नेटवर्कचे तोंड असते. त्याचा कारखान्यातून आलेला पासवर्ड बदलला आणि ते इंटरनेटला जोडले नाही. सॉफ्टवेअर म्हणून ट्रूनॅस घेतले. ते मोफत मिळते आणि शेजारच्या संगणकाच्या ब्राउझरमधून चालवता येते. ते दोन छोट्या एसएसडींवर जुळी प्रत ठेवून बसवले.

सहा डिस्कचे गणित

अनेक डिस्क एकत्र बांधून एखादी बंद पडली तरी माहिती शाबूत ठेवायची, या पद्धतीला 'रेड' म्हणतात. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी १९८८ मध्ये ती शोधनिबंधात मांडली. आम्ही त्याच कल्पनेवरची झेडएफएस ही प्रणाली वापरली. सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीत २००१ मध्ये तिचे काम सुरू झाले आणि २००५ मध्ये तिचा कोड सर्वांसाठी खुला झाला.

४ टेराबाइटच्या सहा डिस्क घेतल्या. त्यांतील दोन डिस्कइतकी जागा रक्षणासाठी जाते आणि चार डिस्कइतकी, म्हणजे १६ टेराबाइट, वापरायला मिळते. कोणत्याही दोन डिस्क एकदम गेल्या तरी एकही पान जात नाही. दोनच का? एक डिस्क बदलल्यावर नवी भरायला बरेच तास लागतात आणि त्या काळात बाकीच्या डिस्कवर ताण पडतो. नेमकी तेव्हाच दुसरी गेली तर काय, याची ती तरतूद आहे. पडद्यावर मात्र १६ ऐवजी साडेचौदाच्या आसपास आकडा दिसतो. कोणी फसवलेले नसते. डिस्क विकणारा हजाराच्या पटीत मोजतो आणि संगणक १,०२४ च्या पटीत. साठा ८० टक्क्यांपलीकडे भरू द्यायचा नाही, हेही ठरवले.

झेडएफएसचा आणखी एक गुण आम्हाला महत्त्वाचा वाटला. ती प्रत्येक तुकड्यासोबत त्याची पडताळणीची बेरीज ठेवते. डिस्कवर वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या फाइलीतला एखादा अंश कधी गुपचूप बिघडतो. साध्या डिस्कवर ते फाइल उघडेपर्यंत कळत नाही. येथे दर महिन्याला सर्व्हर सगळा साठा स्वतः वाचून बेरजा ताडतो आणि बिघडलेला तुकडा दुरुस्त करतो. पन्नास वर्षांनी उघडल्या जाणाऱ्या रजिस्टरांसाठी हेच हवे होते.

कोणी काय पाहायचे

पाच संस्थांचे पाच वेगळे कप्पे केले. दाखले देणाऱ्या क्लार्कला पाने पाहता येतात, बदलता किंवा पुसता येत नाहीत. नवे स्कॅन टाकण्याचा अधिकार दोघांनाच आहे. एका जमातीचे निकाह रजिस्टर दुसऱ्या जमातीला दिसत नाही. हे ठरवायला तीन बैठका लागल्या, कारण "आपण सगळे एकच, लपवायचे काय?" असे म्हणणारे वडीलधारे होते. त्यांना आम्ही एवढेच विचारले, "आपल्या मुलीच्या निकाहाचा तपशील दुसऱ्या मोहल्ल्यातील कोणीही बसून वाचावा, हे चालेल का?" त्यावर एकमत झाले.

सर्व्हर दर रात्री साठ्याची एक स्थिर प्रत नोंदवतो, तिला स्नॅपशॉट म्हणतात. ती नुसती वाचता येते. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या खंडणीच्या व्हायरसने जगभरातील संगणकांच्या फाइली कुलूपबंद केल्या. शाळेच्या संगणकात असे काही शिरले, तर सर्व्हर आदल्या रात्रीच्या स्थितीला परत नेता येतो. ज्या जुन्या मार्गाने तो व्हायरस पसरला, तो एसएमबीचा पहिला प्रकार सर्व्हरवर बंदच ठेवला आहे.

सर्व्हर म्हणजे दुसरी प्रत नव्हे

आता सगळ्यात महत्त्वाचे. सहा डिस्क आणि दोन वीजपुरवठे पाहून मंडळींना वाटले, काम झाले. पण रॅकमध्ये कितीही डिस्क असल्या, तरी ते सगळे एकाच खोलीतले आहे. आग, वीज कोसळणे, चोरी किंवा चुकून दिलेली पुसण्याची आज्ञा यांपुढे सहाही डिस्क सारख्याच. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथे ओव्हीएच या मोठ्या कंपनीची डेटा सेंटरची इमारत जळून खाक झाली. ज्या ग्राहकांच्या दुसऱ्या प्रतीही त्याच ठिकाणी होत्या, त्यांचे दोन्ही गेले. आपल्याकडे २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाच्या आगीत कागद कसे गेले, ते आपण पाहिलेच आहे.

छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी लोकप्रिय केलेला एक सोपा नियम आहे : तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी. आम्ही १२ टेराबाइटच्या दोन बाहेरच्या डिस्क घेतल्या. महिन्याला एकीवर सर्व्हरची प्रत काढतो. ती पुण्यातील एका माजी विद्यार्थ्याच्या घरी जाते आणि तिथली परत येते. पुणे अशासाठी की आमच्या नदीचा पूर तिथे पोचत नाही. दोन्ही डिस्क कुलूपबंद लिपीत आहेत. वाटेत हरवली तर सापडणाऱ्याला काही वाचता येणार नाही. पण किल्ली हरवली तर आपल्यालाही वाचता येणार नाही. म्हणून ती कागदावर छापून दोन लिफाफ्यांत सील केली. एक ट्रस्टच्या तिजोरीत, दुसरा पुण्याबाहेरच्या एका विश्वस्ताकडे. डिस्क आणि किल्ली एका घरात कधीच नसतात.

कसोटी

प्रत काढणे आणि ती परत मिळणे यांत फरक आहे. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीत एका अभियंत्याकडून चालू डेटाबेस पुसला गेला. प्रती ठेवण्याच्या पाच पद्धती कागदावर होत्या, पण वेळ आली तेव्हा एकही नीट चालत नव्हती. कोणीतरी सहा तास आधी दुसऱ्या कामासाठी काढलेल्या प्रतीवर कंपनी वाचली, आणि त्या सहा तासांतले काम गेले.

म्हणून उद्घाटनाआधी आम्ही दोन कसोट्या घेतल्या. पहिली : सर्वांसमोर चालू सर्व्हरमधून एक डिस्क ओढून काढली. पडद्यावर इशारा आला, ईमेल आली, पण क्लार्क मॅडम रजिस्टरचे पान पाहत होत्या ते उघडेच राहिले. मग त्या जागी नवी डिस्क बसवली आणि ती भरून पूर्ण होईपर्यंत वाट पाहिली. ट्रेवरच्या क्रमांकाच्या चिठ्ठ्या येथे उपयोगी पडल्या. बिघडलेली डिस्क सोडून चांगलीच बाहेर काढणे, हा अशा वेळचा नेहमीचा अपघात आहे.

दुसरी कसोटी खरी होती. सर्व्हर बंद आहे असे समजून, पुण्याहून आलेली डिस्क आणि तिजोरीतला लिफाफा एवढ्यावर एका लॅपटॉपवर १९५८ चे एक पान उघडायचे. ते काम संगणकातल्या जाणकाराने करायचे नव्हते. शाळेतल्या एका शिक्षिकेने लिहून ठेवलेल्या पायऱ्या वाचत ते केले. जिथे त्या अडल्या, तिथली पायरी पुन्हा सोप्या भाषेत लिहिली. पान उघडले. मग ते सर्व्हरवरच्या पानाशी ताडले आणि त्यानंतर कपाटातल्या मूळ पानाशी. ही कसोटी आता दर वर्षी जूनच्या आधी घ्यायची, असा ठराव आहे.

मूळ रजिस्टर जपायलाच हवे

एक गैरसमज दूर केला पाहिजे. स्कॅन झाले म्हणून मूळ रजिस्टराची गरज संपत नाही. पडताळणीच्या वेळी दक्षता पथक शाळेत येऊन मूळ नोंद पाहू शकते. शाई, खाडाखोड आणि मागची-पुढची पाने पाहूनच नोंदीवर विश्वास बसतो. म्हणून रजिस्टरे सुती कापडात गुंडाळून, पहिल्या मजल्यावर, भिंतीपासून दूर असलेल्या लोखंडी कपाटात आडवी ठेवली आहेत. लॅमिनेशन किंवा चिकटपट्टी अजिबात नाही. नोंद कुठे आहे हे शोधण्याचे काम सर्व्हर करतो, त्यामुळे मूळ पाने रोज उलटावी लागत नाहीत. आणि पुन्हा कधी पाणी आलेच, तर निदान काय लिहिले होते, ते तरी उरेल.

आपल्या गावात असे काम काढायचे असेल, तर रॅकपासून सुरुवात करू नका. आधी रजिस्टरे कोणत्या मजल्यावर आहेत ते पाहा. मग स्कॅनिंग, मग जागेचा हिशेब. साठा दोन टेराबाइटपर्यंत असेल, तर छोटी दोन डिस्कची पेटी आणि दुसऱ्या गावी ठेवलेली एक प्रत पुरे. साठा मोठा असेल, तर आसपासच्या शाळा आणि जमातींनी एकत्र यावे. आणि यंत्राच्या पैशांइतकाच विचार माणसांचा करावा : महिन्याची प्रत कोण काढणार, डिस्क कोण नेणार, किल्ली कोणाकडे, आणि त्यातले कोणी नोकरीसाठी परगावी गेले तर त्याच्या जागी कोण? आमच्या रॅकच्या दारावर आतून एक कागद चिकटवला आहे. त्यावर या चार कामांपुढे दोन-दोन नावे आहेत. तो कागद दर वर्षी नवा लिहायचा असतो.